सातपर्यंतची बॅटरी

आमच्या आळीत लाईट गेली की बाया काड्यापेटी शोधतात, म्हातारे कपाळाला आठ्या घालतात आणि गुप्तेसाहेब गॅलरीत येऊन वेळ सांगतात. "सहा अकरा." एवढंच बोलून आत जातात. लाईट आली की परत बाहेर. "सहा चौतीस. तेवीस मिनिटं." आणि चेहरा असा, की पोरगा पहिल्या नंबराने पास झालाय. लाईट गेल्यावर खूश होणारा माणूस मी सत्तर वर्षांत दुसरा पाहिला नाय.

सुरुवातीला लोकांना वाटलं, रिटायर झाल्यावर डोक्यावर परिणाम झाला असेल. मग सवय झाली. आता लाईट गेल्यावर समोरची शेवंता आपल्या सुनेला सांगते, "साहेब बोलले नाय अजून गो, थांब, आपलाच फ्यूज गेला असंल."

हे गुप्तेसाहेब रोह्याला धाटावच्या एका केमिकल कारखान्यात होते. काटे, मीटर, प्रेशर बघायच्या खात्यात. तीस वर्षं पेणहून रोहा, रोह्याहून पेण. सगळं मोजायची खोड तिथलीच. चहा उकळायला किती मिनिटं, पाण्याची टाकी भरायला किती, वहिनींचा फोन किती. वहिनी म्हणजे त्यांच्या मिसेस. त्यांनी एकदा मला विचारलं होतं, "धर्माभाऊ, तुमच्याकडे माणसाचं चार्जिंग उतरवायचं मशीन आहे का हो?"

मला ते विचारायचं कारण म्हणजे माझा धंदा. मी धर्मा म्हात्रे, मूळचा खारेपाटातला. बाप मिठागरावर होता. मी शाळेत चौथीपर्यंत गेलो, तीही धड पुरी नाय. हे लाजून सांगत नाय. पेणला हायवेच्या कडेला बॅटरी चार्जिंगचा गाळा मी अडतीस वर्षं चालवला. डोलवीच्या प्लँटवर माल नेणारे ट्रक, जोह्याहून गणपती नेणारे टेंपो, ट्रॅक्टर, लग्नाच्या वरातीतले लाउडस्पीकर, सगळ्यांच्या बॅटऱ्या माझ्या हाताखालून गेल्या. बॅटरी उचलली की वजनावरून आणि आतल्या पाण्याच्या आवाजावरून ती किती दिवसांची सोबती आहे ते मी सांगायचो. आजही सांगतो.

सत्त्याण्णव साल असेल. दुपारी गुप्तेसाहेब गाळ्यावर आले. हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. मला वाटलं मांजर मेलं. उघडून बघतो तर विटेएवढी बॅटरी. झाकण नाय, पाणी घालायला भोक नाय.

"ही किती मिनिटं देईल?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, कशाला लावणार त्यावर आहे. त्यांनी सांगितलं, घरी कॉम्प्युटर आहे, त्याच्याखाली यूपीएस नावाचा डबा आहे, लाईट गेली की डबा या बॅटरीवर कॉम्प्युटर चालवतो. डब्याच्या पुस्तकात लिहिलंय वीस मिनिटं. प्रत्यक्षात मिळतात नऊ. त्यांनी सात वेळा मोजलंय.

मी म्हटलं, "साहेब, पुस्तकातला आकडा बारशाच्या दिवशीचा असतो. तुमची बॅटरी आता म्हातारी झाली."

हे त्यांना फार आवडलं. खिशातून वही काढून त्यांनी ते लिहून घेतलं. माझं बोलणं कोणी लिहून घेतलेलं तेवढंच, त्यामुळे माणूस मलाही आवडला.

मग त्यांच्या घरी जाणं-येणं सुरू झालं. पुढच्या खोलीत टेबलावर कॉम्प्युटर, आणि तो चोवीस तास चालू. त्याला ते सर्व्हर म्हणायचे. मी म्हटलं, याच्यावर काम कोण करतं? तर म्हणाले, कोणी नाही, तो नुसता जागा असतो. दुसरं मशीन हाक मारेल तेव्हा ओ द्यायला. समोरचा टीव्हीसारखा डबा मात्र कायम बंद. त्याचंही त्यांचं शास्त्र होतं. पडदा अर्धी बॅटरी खातो, आणि मशीनला पडदा लागत नाही, आपल्याला लागतो. पडदा बंद केल्यावर नऊ मिनिटांची सतरा झाली म्हणे. मशीन जिवंत आहे की नाही ते खालच्या बारीक लाल दिव्यावरून ओळखायचं. सबंध दिवस हा माणूस काळ्या काचेसमोर बसून लाल दिवा बघायचा. वहिनी म्हणायच्या, माझ्याकडे इतकं बघितलं असतंत तर मी अंबाड्यात रोज फूल घातलं असतं.

त्यांचं एक बोलणं ठरलेलं होतं. "तो वेगळा विषय." न आवडणारी कुठलीही गोष्ट निघाली की ती वेगळा विषय व्हायची. डॉक्टरने साखर बंद केली, वेगळा विषय. जिन्याची पायरी तुटली, वेगळा विषय. एकदा मी सहज विचारलं, शिरीष रोह्याहून येतो का नाय? शिरीष म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. साहेब लाल दिव्याकडे बघत म्हणाले, "तो वेगळा विषय."

मी पुढे विचारलं नाय. मीही हट्टी माणूस आहे, हट्टाची जागा मला लगेच कळते.

आता बंद करण्याचा प्रकार सांगतो, कारण तो समजल्याशिवाय हा माणूस समजायचा नाय. ट्रकची बॅटरी उतरली तर ट्रक उभा राहतो, धक्का मारला की चालू. कॉम्प्युटरचं तसं नसतं. तो आतल्या आत वह्या उघडून बसलेला असतो. वह्या मिटायच्या आत वीज गेली तर पानं फाटतात. म्हणून यूपीएसच्या डब्यातून एक वायर मशीनला जाते. बॅटरी संपत आली की डबा त्या वायरवरून निरोप पाठवतो, आणि मशीन वह्या मिटून स्वतःच बंद होतं. साहेबांच्या भाषेत, मशीनने झोपावं, मरू नये.

निरोप कधी पाठवायचा ते आपण ठरवायचं असतं. त्याला सेटिंग म्हणतात. साहेबांनी आधी ठेवलं होतं, लाईट गेल्यावर दोन मिनिटांनी झोप. सुरक्षित. पण आमच्याकडे लाईट दिवसातून चार वेळा तीन-तीन मिनिटं जाते. मशीन झोपायचं, लाईट यायची, आणि साहेब भाजी आणायला गेलेले असले की ते झोपलेलंच राहायचं. मग त्यांनी दुसरं टोक गाठलं. बॅटरीचं शेवटचं मिनिट राहिलं की झोप. तर मशीनला वह्या मिटायलाच चार मिनिटं लागतात, हे कोणी मोजलं नव्हतं. सगळं मोजणाऱ्या माणसाने तेवढंच मोजलं नव्हतं. एका संध्याकाळी मशीन वह्या मिटता मिटता मेलं. पानं फाटली. दोन दिवस साहेब ती जुळवत बसले होते, आणि वहिनींनी दोन दिवस देवाजवळची समई त्यांच्या टेबलाजवळ ठेवली होती, म्हणजे निदान उजेड तरी पडेल.

शेवटी त्यांनी ठरवलं, मिटायला चार मिनिटं लागतात तर आठ राहिली असताना निरोप. दुप्पट. ते कागदावर लिहून भिंतीवर चिकटवलं आणि खाली लिहिलं, कोणत्याही परिस्थितीत मशीन थेट बंद करू नये. "कोणत्याही" शब्दाखाली दोन रेघा. घरात माणसं दोन, त्यातली एक त्या मशीनला फडक्याशिवाय हात लावत नव्हती. पण कागद पाहिजेच.

एवढं सगळं कशासाठी ते मला वहिनींनी सांगितलं. ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या, साहेब आंघोळीला गेले होते.

शिरीष हा साहेबांच्याच कारखान्यात कायम नोकरीला होता. साहेबांच्या शब्दावर लागलेला. दोन वर्षांपूर्वी त्याने राजीनामा दिला आणि रोह्याला कॉम्प्युटरचा क्लास काढला. बापाला विचारलं नाय, राजीनामा देऊन मग सांगितलं. साहेब म्हणाले, माझ्या शब्दाची तुला किंमत नाही तर माझ्याशी शब्द बोलू नकोस. पोरगा त्यांचाच. त्याने ते पाळलं. शब्द बोलला नाय.

पण जायच्या आधी महिनाभर त्याने आपला जुना कॉम्प्युटर या घरात बसवून ठेवला होता. क्लासमधल्या मुलांची नावं, मार्क, हजेरी, सगळ्याची एक नक्कल इथे असावी, तिकडे काही झालं तर इकडे राहील, असा त्याचा बेत. रोज संध्याकाळी सात वाजता रोह्याचं मशीन टेलिफोनवरून पेणच्या मशीनला फोन करणार, पेणचं उचलणार, शिट्ट्या मारत दोघं बोलणार आणि नक्कल इकडे येणार. भांडण झालं त्या दिवशी वहिनींना वाटलं, संपलं. सात वाजता फोन वाजला. मशीनने उचलला. शिट्ट्या झाल्या. साहेब खुर्चीतून उठले नाहीत.

"तेव्हापासून रोज," वहिनी म्हणाल्या. "बाप-लेक बोलत नाहीत. मशीन बोलतात."

ते दोन मिनिटांच्या सेटिंगचं झालं ना, तेव्हा आठवड्यात तीनदा मशीन सातला झोपलेलं होतं. रोह्याहून फोन आला, कोणी उचलला नाही. नंतर पाच दिवस फोनच आला नाही. शिरीषला वाटलं असणार, बापाने हेही बंद केलं. त्या पाच दिवसांत साहेबांनी दाढी केली नाय. सहाव्या दिवशी सातला घंटी वाजली, तेव्हा हा माणूस उठला, मोरीत गेला आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिला.

"म्हणून ते मिनिटं मोजतात," वहिनी म्हणाल्या आणि सोललेले वाल घेऊन आत गेल्या.

त्यानंतर मी त्या बॅटरीकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो. विटेएवढ्या बॅटरीवर दोन माणसांचा संसार चालवायचा म्हणजे काय. मी गाळ्यावरून एक ट्रॅक्टरची बॅटरी आणली. जुनी, पण प्लेटा चांगल्या. साहेबांना म्हटलं, ही डब्याला बाहेरून जोडा, तीन तास कुठे गेले नाय. त्यांनी वहीत गुणाकार-भागाकार केले आणि म्हणाले, ऐंशी मिनिटं.

मी म्हटलं, "साहेब, बॅटरी मला शिकवू नका."

"मी शिकवत नाही, मोजतो."

आमची पैज लागली. रविवारी सकाळी त्यांनी स्वतःच मेन स्विच बंद केला. आम्ही दोघं टेबलाशी, मध्ये चहा. एक तास बारा मिनिटांनी डबा कोकलून कोकलून गप्प झाला. मी म्हटलं, वायरींचे दोरे जाड नव्हते, वाटेत वीज गळली. साहेबांनी वहीत बहात्तर लिहिलं आणि माझं म्हणणंही लिहिलं, "वाटेत गळली, इति धर्माशेठ." पुढे कळलं की ट्रॅक्टरची बॅटरी एका दमात जोर लावायला केलेली असते, धीम्या वाटेने रिकामी केली की तिचे हाल होतात. हे मला आधीच माहीत होतं. त्या वेळी आठवलं नव्हतं, एवढंच.

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजणी. मी हायड्रोमीटर घेऊन जायचो, सहा भोकांत पाणी तपासायचो, डिस्टिल वॉटर घालायचो. बहात्तर, एकाहत्तर, सत्तर. बॅटरी म्हातारी होत होती आणि साहेब दर महिन्याला ते लिहीत होते. नवी घेऊ म्हटलं तर म्हणायचे, संध्याकाळी लाईट गेली तरी सहाच्या आत कधी जात नाही. सहा ते सात साठ मिनिटं, वर आठ मिटायला. अजून दोन शिल्लक आहेत.

मग भातकापणीच्या दिवसांत तो शनिवार आला. वारा नाय, वादळ नाय, पण पाच चाळीसला लाईट गेली. साहेब गॅलरीत आले, वेळ सांगितली आणि आत गेले. पण आत जाताना माझ्याकडे बघून हात केला. मी समोरच्या ओट्यावर होतो. मी पिशवी घेऊन वर गेलो.

साहेब वहीत बघत होते. पाच चाळीस आणि सत्तर मिनिटं म्हणजे सहा पन्नास. त्यातली आठ मिटायला गेली तर सहा बेचाळीस. सातला मशीन झोपलेलं असणार.

मी सगळे दोरे आवळले, टर्मिनलवरची पांढरी पावडर खरवडली, पाणी बघितलं. करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. बॅटरीला विनवणी करता येत नाय. साहेबांनी घरातला रेडिओसुद्धा बंद केला, तो सेलवर चालणारा होता तरी. शेवंतेने खालून विचारलं, लाईट रोह्यापर्यंत गेलीय म्हणतात, खरं का?

सहा त्रेचाळीसला डबा कोकलायला लागला. म्हणजे आता निरोप जाणार, मशीन वह्या मिटायला घेणार. साहेब भिंतीवरच्या कागदाकडे बघत उभे राहिले. मग टेबलामागे हात घालून त्यांनी निरोपाची वायर ओढून काढली. डबा कोकलत राहिला, पण मशीनला आता ऐकू येत नव्हतं. ते जागंच राहिलं.

"पानं फाटतील साहेब," मी म्हटलं.

"फाटू देत. सतरा मिनिटं पाहिजेत, वहीत सात आहेत."

आम्ही बसलो. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात कंदील धरून उभ्या. डब्याची पाठ तापली होती, मी हात लावून बघत होतो. सहा बावन्नला फोन वाजला.

साहेब म्हणाले, आठ मिनिटं लवकर कसा? एवढ्यात मशीनने फोन उचलला आणि शिट्टी घातली. पण समोरून शिट्टी आली नाय. त्या आवाजातून मध्येच माणसाचा आवाज आला. मशीनच्या पोटातल्या बारक्या स्पीकरमधून, खरखरत.

"हॅलो... बाबा... हॅलो..."

मशीन शिट्टीच मारत होतं. त्याला माणसाचं बोलणं कळत नाय. थोड्या वेळाने कनेक्शन तुटलं.

मला समजायला उशीर लागला, साहेबांना लागला नाय. रोह्यालाही लाईट गेली होती. शिरीषची बॅटरी आमच्याआधी संपली, त्याचं मशीन बंद पडलं. आज नक्कल गेली नाय तर बापाला वाटेल मीच बंद केलं, म्हणून पोराने स्वतःच्या हाताने नंबर फिरवला होता. टेलिफोनला आपली लाईट लागत नाय. आणि इकडे, साहेबांनी एवढ्या खटपटीने जागं ठेवलेलं मशीन त्याच्या कानात शिट्टी घालत होतं.

फोन परत वाजला. मशीनने परत उचलला. परत शिट्टी. "बाबा, मी—" आणि शिट्टी.

टेलिफोनची वायर मशीनमधूनच गेलेली, मशीनने उचलला की रिसीव्हर मुका. साहेबांनी पडद्याच्या बटणाकडे हात नेला, मागे घेतला. नीट झोपवायचं तर चार मिनिटं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग अंगठ्याने यूपीएसचं बटण दाबलं आणि सोडलं. लाल दिवा गेला. मशीनच्या पोटातल्या पंख्याचा आवाज थांबला. तो आवाज त्या घरात किती मुरला होता, हे थांबल्यावर कळलं.

फोनही वाजत नव्हता. दोनदा कानात शिट्टी खाल्लेला पोरगा तिसऱ्यांदा कशाला करेल? साहेब फोनसमोर उभे. त्यांनी नंबर फिरवायला हवा होता, रोह्याचा नंबर वहिनींना पाठ होता. पण मी म्हटलं ना, हट्टाची जागा मला कळते. मी खाली बसून बॅटरीची झाकणं एकेक करून घट्ट करत राहिलो, तिसऱ्या झाकणावर फोन वाजला.

दोनदा वाजला. तीनदा. आता उचलायला मशीन नव्हतं.

"उचला," मी म्हटलं.

त्यांनी उचलला. कानाला लावला. मग म्हणाले, "इकडे पाच चाळीसला गेली. तिकडे?"

तिकडून कुठलीतरी वेळ सांगितली असावी, कारण त्यांनी डाव्या हाताने पेन्सिल घेतली. पण पुढे पोरगा बोलत राहिला आणि पेन्सिल वहीवर तशीच टेकून राहिली. वहिनी कंदील घेऊन जवळ आल्या. साहेबांनी रिसीव्हर थोडा तिरका केला, त्यांना ऐकू जावं इतका.

"नाही रे," ते म्हणाले. "बंद कुठे केलं? मी इथेच होतो."

मी चप्पल घालून जिना उतरायला लागलो. तुटक्या पायरीशी थांबलो, अंधार होता. वरून त्यांचा आवाज परत आला, या वेळी हळू.

"रोज असतो."